कलादालनात बसलेले आप्पा

आमच्या वारज्याचे आप्पा धुमाळ दोनदा वारले. दुसऱ्यांदा वारले ते चारचौघांसारखे, घरी, दुपारच्या झोपेत, कुणाला त्रास न देता. पहिल्यांदा मात्र ते भर समारंभात, दिवसाढवळ्या, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभ्या उभ्या वारले आणि त्या वेळी मी त्यांच्या अगदी शेजारी उभी होते. हसू दाबून दाबून माझ्या बरगड्या दुखायला लागल्या होत्या. माझं काळीज दगडाचं आहे असं समजू नका. तुम्ही तिथे असतात तर तुमचंही तेच झालं असतं.

ज्या गावात हे घडलं त्याचं नाव मी सांगणार नाही. सोलापूर रस्त्याला लोणी काळभोर मागे टाकून बरंच पुढे गेलं की एक फाटा लागतो, एवढं पुरे. नाव सांगितलं आणि तिथल्या कुणी हे वाचलं तर ते लोक आप्पांच्या नावाची पाटी काढून टाकतील आणि मग आप्पांच्या बायको, हिराकाकू, मला जिवंत सोडणार नाहीत.

तर आप्पा. शनिवार पेठेतल्या दोन खोल्या सोडून आम्ही वारज्याला फ्लॅट घेतला, तेव्हा सासूबाईंनी "लांब गावाला चाललात, पत्र टाकत जा" असं म्हणून निरोप दिला होता. मला हिंजवडीत नोकरी लागली होती. सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात चुका काढायच्या. पेठेत वाढलेल्या मुलीला त्यासाठी वेगळं शिक्षण घ्यावं लागत नाही. आम्ही सामानाचा टेम्पो घेऊन सोसायटीच्या गेटाशी आलो, तर तिथे लोखंडी खुर्चीवर एक गृहस्थ बसलेले. पांढरी टोपी, भरघोस मिशा, दोन्ही हात गुडघ्यांवर. टेम्पोवाला म्हणाला, "ओ वॉचमन, जरा गेट उघडा की."

"उघडंच हाय," ते म्हणाले. खरंच उघडं होतं.

"मग कपाटाला हात तरी लावा."

"म्या बसलोय," ते म्हणाले. त्या स्वरात उर्मटपणा नव्हता. एखादा माणूस "मी जेवतोय" असं सांगतो ना, तितक्या साधेपणाने त्यांनी ते सांगितलं. बसणं हे एक चालू असलेलं काम आहे आणि ते मध्येच सोडता येत नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

पुढे कळलं, की ज्या जमिनीवर आमची अख्खी सोसायटी उभी होती ती जमीन त्यांची. बिल्डरने बदल्यात तळमजल्यावरचे दोन फ्लॅट दिले होते. आप्पा पूर्वी जिथे बांधावर बसायचे त्याच जागी नेमकं गेट आलं, म्हणून ते गेटात बसायचे. त्यांच्या दृष्टीने काही बदललंच नव्हतं. फक्त समोरची ज्वारी गेली आणि तिथे स्कूटर आल्या. कुरिअरवाले त्यांच्या मांडीवर पाकिटं ठेवून जायचे. संध्याकाळी आपापलं पाकीट लोकांनी स्वतः उचलून न्यायचं, आप्पा फार तर मांडी जराशी पुढे करायचे.

त्यांच्या बसण्याची ख्याती पंचक्रोशीत होती. थोरल्या भावाचा टँकरचा धंदा, धाकट्याची वीटभट्टी. दोघं गड्यासारखे राबणारे. थोरले एकदा गेटाशी येऊन मला म्हणाले, "ताई, आमचा आप्पा बांधावर बसला की पाखरं बुजगावणं सोडून ह्याच्या खांद्यावर येऊन बसायची. बुजगावणं निदान वाऱ्यानं हालायचं." आप्पा हे ऐकत तिथेच बसले होते. रागावले नाहीत. कौतुक केल्यासारखे मिशीतल्या मिशीत हसले.

एकदा पाठ धरली म्हणून त्यांची एमआरआय तपासणी झाली. मशीनमध्ये हलायचं नाही असं सांगितल्यावर आप्पा असे काही निश्चल पडले, की तिथला मुलगा घाबरून धावत आत आला आणि "आजोबा, आजोबा" करत त्यांना गदागदा हलवायला लागला. त्यामुळे सगळी तपासणी पुन्हा करावी लागली. आप्पा घरी येऊन म्हणाले, "आधी म्हनतो हालू नका, मंग सोताच हालवतो. तरणी पोरं, धीर न्हाई." धीर हा त्यांचा आवडता विषय होता. कुणी लिफ्टसाठी तीनदा बटण दाबलं की म्हणायचे, "कुठं आग लागलीय?"

मी त्यांना एकदा कंपनीत नेलं होतं. आमच्याकडे वर्षातून एक दिवस घरच्या माणसांना ऑफिस दाखवायची पद्धत होती. सासूबाईंनी हिंजवडी लांब म्हणून नकार दिला, तर मी म्हटलं, चला आप्पा, तुम्ही चला. काचेची इमारत, गारेगार हवा, आणि लांबच्या लांब हॉलमध्ये शेकडो तरुण मुलंमुली खुर्च्यांवर बसलेली. आप्पा दारातच थांबले. बराच वेळ बघत राहिले. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ह्ये सगळे दिवसभर बसत्यात?"

"हो."

"आन् त्याचा पगार मिळतो?"

"चांगला मिळतो आप्पा."

त्यांचा चेहरा काय खुलला म्हणून सांगू! जन्मभर चेष्टा सहन केलेल्या माणसाला अचानक आपली जातकुळी सापडावी तसं झालं. परतताना बसमध्ये ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते: "म्या चुकलो न्हाई. म्या जरा लवकर जन्मलो."

पण ज्या एका बसण्यामुळे आप्पांचं आयुष्य घडलं, ते बसणं झालं त्या फाट्यावरच्या गावात. त्यांची बहीण तिथे दिलेली. ऐन विशीत ते तिच्याकडे पाहुणे म्हणून गेले आणि रिवाजाप्रमाणे ओट्यावर बसले. त्याच वेळी गावात नगरपालिकेने बाजारपेठेत कलादालन बांधलं होतं. तालुक्याच्या गावात कलादालन कशाला, असं तेव्हाही लोक म्हणत होते, पण कुणा दानशूर शेठजींनी जागा दिली होती आणि फुकट मिळालेली जागा नाकारायची आपल्याकडे पद्धत नाही. गावातल्या शाळेचे चित्रकलेचे मास्तर उद्घाटनासाठी शेतकऱ्याचं मोठं तैलचित्र काढायला बसले. पण एकही शेतकरी समोर बसेना. बसला की त्याला आठवायचं, म्हशीचं पाणी राहिलंय. उठून जायचा. मास्तर अगदी रडकुंडीला आले होते, आणि एक दिवस ओट्यावर त्यांना आप्पा दिसले.

मास्तरांनी त्यांना फेटा बांधला, हातात खुरपं दिलं. आप्पांनी विचारलं, "ह्ये कसं धरायचं?" मास्तर शहरातले, त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यामुळे चित्रात आप्पांनी खुरपं पंख्यासारखं धरलंय. पण बाकी चित्र खरोखर सुरेख. माथ्यावर ऊन, दमून बांधावर टेकलेला तरणाबांड गडी, डोळे लांब कुठेतरी लागलेले. खाली नाव लिहिलं: 'कष्टकरी'. थोरले भाऊ ते नाव वाचून तिथेच खाली बसले आणि पोट धरधरून हसले म्हणे.

याच चित्रावर आप्पांचं लग्न जमलं. हिराकाकू त्याच गावच्या. मुलाचा फोटो पाठवा असा त्यांच्या वडिलांचा निरोप आला, आणि आप्पांचा एकही फोटो घरात नव्हता. फोटो काढायला पुण्यात जावं लागलं असतं, म्हणजे उठावं लागलं असतं. मग आप्पांच्या आईने उलट निरोप पाठवला: मुलगा तुमच्याच गावात भिंतीवर लावलाय, जाऊन बघून घ्या. झालं! वडील, आत्या आणि हिराकाकू नटूनथटून कलादालनात गेले. तिथले शिपाई शेखमामा तेव्हा नुकतेच नोकरीला लागले होते. मुलगी मुलगा बघायला आलीय म्हटल्यावर त्यांनी बाजारातून सगळ्यांना चहा मागवला. चित्रासमोर लाकडी बाक आहे, त्यावर बसून तिघांनी मुलगा पाहिला. वडील म्हणाले, "मुलगा कष्टाचा दिसतोय." आत्या म्हणाली, "फार बोलत नसावा." आणि हिराकाकू नुसत्या बघत बसल्या.

"माझी फसवणूक सरकारी इमारतीत झाली," काकू मला सांगायच्या. "तक्रार कुठं करनार? फेट्यामुळं टक्कल कळलं न्हाई, बसल्यामुळं उंची कळली न्हाई. आन् कष्टकरी म्हनून खाली लिहून दिल्यालं. नगरपालिकेनं!"

"मग काकू, नाही म्हणायचं होतं प्रत्यक्ष बघितल्यावर."

"कसं म्हननार? डोळं त्येच हुते ना," काकू म्हणाल्या आणि लगेच आप्पांवर खेकसल्या, "पाय उचला, फरशी पुसायचीय!" आप्पांनी पाय उचलले. खुर्चीवरून नाही उठले.

दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला दोघं एसटीने त्या गावाला जायची आणि चित्रासमोरच्या बाकावर बसून यायची. माणसं बायकोला महाबळेश्वरला नेतात. आप्पा तिला स्वतःचं चित्र दाखवायला न्यायचे. काकू कुरकुरत जायच्या, पण साडी मात्र आठवडाभर आधी इस्त्रीला पडलेली असायची.

आणि एके दिवशी शेखमामांचा फोन आला. आप्पांना कमी ऐकू यायचं म्हणून काकू फोन स्पीकरवर लावायच्या, त्यामुळे मी आमटीची वाटी परत द्यायला गेले होते तर मलाही सगळं ऐकू आलं. नवे मुख्याधिकारी आले होते. तरुण, तडफदार. त्यांना कलादालनात कॉम्प्युटरचे वर्ग काढायचे होते. गावोगाव तेव्हा तेच खूळ होतं. रविवारी सकाळी साहेब स्वतः बघायला येणार, माणसं येत नाहीत असं दिसलं की सोमवारी कुलूप. "आणि चित्रं?" आप्पांनी विचारलं. शेखमामा म्हणाले, "गोदामात जातील आप्पा. जंतुनाशक पावडरीच्या पोत्यांशेजारी. तिथं घुशी आहेत."

आप्पांनी फोन ठेवला. आणि मग ते उभे राहिले.

तुम्हाला यातलं गांभीर्य कळणार नाही. आमच्या सोसायटीत मात्र खळबळ उडाली. आप्पा जिना चढतायत! लिफ्ट बंद होती, तर हा माणूस ती सुरू व्हायची वाट न बघता एकेक मजला चढत, दम खात, प्रत्येक दाराची बेल वाजवत होता. "रविवारी माझ्या संगट गावाला येता का? चित्रं बघायला." लोकांना वाटलं डोक्यावर परिणाम झाला. आमच्या दारात आले तेव्हा घामाने निथळत होते. मी बळेच आत आणून बसवलं, पाणी दिलं.

"ताई," ते म्हणाले, "ह्या हातानं म्या जन्मात कायबी केलं न्हाई, ह्ये मला म्हाईत हाय. भाऊ हसत्यात त्ये बरोबरच हाय. पर तिथं म्या चांगला दिसतो. तिनं मला पयल्यांदा तिथं बघितलं. त्ये पोत्यांत गेलं तर तिला वाटंल, काय बघून आलो हुतो आपन?" आणि त्यांनी टोपीने डोळे पुसले. मला तर बाई गलबलूनच आलं. मी त्याच क्षणी ठरवलं, बस भरायची म्हणजे भरायचीच.

आमच्या कंपनीच्या लोकांना रोज हिंजवडीला नेणारी बस होती, तिचा ड्रायव्हर वारज्याचाच. रविवारी ती रिकामी असायची. ती मिळाली. माणसं गोळा करायचं काम सोसायटीचे सेक्रेटरी लेले आजोबांनी घेतलं. या लेल्यांबद्दल एवढंच सांगते, की त्यांना सत्कार करायचं व्यसन होतं. कुणाचा मुलगा दहावी झाला, सत्कार. कुणी नवी पाण्याची टाकी बसवली, सत्कार. सोसायटीच्या कपाटात एक शाल कायमची होती. ती अंगावर घालून टाळ्या झाल्या, की लेले स्वतः ती घडी करून परत घ्यायचे. तर लेल्यांनी जाहीर केलं, कलादालनात चित्रासमोर आप्पांचा सत्कार होईल. त्या आमिषाने, आणि वाटेत लोणी काळभोरला मिसळ मिळेल या दुसऱ्या मोठ्या आमिषाने, बस गच्च भरली.

पोचलो तर शेखमामांनी साहेब येणार म्हणून फरशी नुकतीच ओल्या फडक्याने पुसलेली. काकू दारातच कडाडल्या, "चपला बाहेर काढा सगळ्यांनी! म्हाताऱ्यानं पुसलंय त्ये दिसत न्हाई का?" सगळ्यांनी मुकाट्याने चपला काढल्या. दाराबाहेर ढीग लागला. आत थोडा कुबट वास येत होता, बंद दालनात येतो तसा, म्हणून लेल्यांनी सत्काराच्या पिशवीतली उदबत्ती काढून चित्राखाली लावली. मग शाल काढली, हार काढला. झेंडूचा, चांगला जाडजूड.

"या आप्पा, पुढे या."

आप्पा मागे सरले. "माझा नगं. म्या काय केलंय? कष्ट त्यानं केल्यात." आणि त्यांनी चित्राकडे बोट दाखवलं. "घालायचा तर त्याला घाला."

लेल्यांना सत्काराशी मतलब. उमेदवार कोण याच्याशी त्यांना कधीच देणंघेणं नव्हतं. त्यांनी शेखमामांचं स्टूल घेतलं, वर चढले आणि चित्राला हार घातला. मग खाली उतरून "शांतता, शांतता" म्हणाले, कारण त्यांचं भाषण व्हायचं होतं. सगळे गप्प झाले. हात पुढे बांधून, अनवाणी, रांगेत उभे. आता तुम्हीच डोळ्यांसमोर आणा: बाहेर चपलांचा ढीग, आत हार घातलेला माणसाचा फोटोवजा मोठा चेहरा, खाली उदबत्तीचा धूर, आणि मान खाली घालून उभी असलेली शांत मंडळी.

आणि नेमके त्याच क्षणी मुख्याधिकारी साहेब दारात आले.

ते थबकले. त्यांनी चपलांकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. चेहरा गंभीर केला. बूट काढले. हळूहळू चालत पुढे आले, चित्राला वाकून नमस्कार केला, आणि वळून आमच्यासमोर हात जोडून उभे राहिले. शेखमामा "साहेब, ते..." म्हणत पुढे झाले, तर साहेबांनी त्यांना हाताने थांबवलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "आपण दोन मिनिटं शांत उभं राहू या."

अहो, उभे राहिलो की! काय करणार? सरकारी माणसाने श्रद्धांजलीला उभं राहायला सांगितल्यावर "कोण गेलंय?" असं विचारायची पुणेकराचीसुद्धा हिंमत होत नाही. आप्पाही उभे राहिले. त्यांनी टोपी काढली, मान खाली घातली. स्वतःच्या चित्राशेजारी, स्वतःच्या श्रद्धांजलीला, आणि आमच्या सगळ्यांत सगळ्यात निश्चल तेच! लेले शाल हातात धरून थरथरत होते. मी ओठ चावत होते. मागून कुणाचा तरी हसू दाबल्याचा हुंदक्यासारखा आवाज आला, तर साहेबांनी त्या दिशेने फार सहानुभूतीने पाहिलं.

दोन मिनिटं संपली. साहेबांनी घसा साफ केला. "मी या थोर माणसाला भेटू शकलो नाही, हे माझं दुर्दैव. या चित्राकडे पाहिलं तरी कळतं, काय राबले असतील!" काकूंच्या घशातून चमत्कारिक आवाज आला. "आणि एका साध्या शेतकऱ्याच्या आठवणीसाठी पुण्याहून एवढी माणसं, रविवारची, इथे येतात... त्यांच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. खरं सांगतो, मी आज हे दालन बंद करायच्या विचाराने आलो होतो."

दालनात उदबत्तीचा धूर तेवढा हलत होता.

"घरचं कोण आहे?" साहेबांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना काकूंकडे वळल्या. काकू म्हणजे कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या, गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र, अंगावर वाढदिवसाची इस्त्रीची साडी. साहेब क्षणभर गडबडले. मग त्यांचा चेहरा उजळला. "वा!" ते म्हणाले. "जुन्या रूढी मोडून तुम्ही सौभाग्यलेणी तशीच ठेवलीत. फार पुरोगामी पाऊल आहे. आमच्या महिला मेळाव्यात तुम्ही बोललं पाहिजे."

आता मात्र माझं हसू पळालं. मी काकूंना ओळखत होते. आप्पांनी बसचं भाडं द्यायला दहा मिनिटं उशीर केला असता तरी ज्या बाईने गाव गोळा केलं असतं, ती आपलं कुंकू असं चारचौघांत पुसल्यासारखं झालेलं ऐकून घेणार? त्यांच्या पिढीच्या बाईला यापरता अपशकुन नाही. त्या एक शब्द बोलल्या असत्या, "ह्ये काय शेजारी उभे हायेत," की साहेब खजील, सगळा खेळ खलास आणि सोमवारी चित्र पावडरीच्या पोत्यांत. आप्पा त्यांच्याकडे बघत होते. त्या नजरेत बोलू नको असंही नाही आणि बोल असंही नाही.

"ताई," साहेबांनी हळुवारपणे विचारलं, "त्यांची काही शेवटची इच्छा?"

काकूंनी आप्पांकडे पाहिलं. मग चित्राकडे पाहिलं. आणि मग पदर खांद्यावर नीट घेऊन ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "त्यास्नी हितनं हालवू नका, सायेब. आयुष्यभर ते कुठं हालले न्हाईत."

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेखमामांच्या आलं. लेल्यांच्याही आलं, आणि त्या भरात त्यांनी शाल साहेबांच्या अंगावर घातली आणि इतिहासात पहिल्यांदाच ती परत मागायचं विसरले. "हलणार नाही," साहेब म्हणाले. "हा माझा शब्द." जाता जाता त्यांनी आप्पांच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "आपण त्यांचे कोण?"

"लई जवळचा," आप्पा म्हणाले.

"धीर धरा."

"त्यो हाय माझ्याकडं," आप्पा म्हणाले.

परतीच्या वाटेवर बसमध्ये हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली होती. काकू तेवढ्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. आप्पा शेजारी अंग चोरून बसलेले. लोणी काळभोरला गाडी थांबली, सगळे मिसळीवर तुटून पडले, तरी काकू हलेनात. आप्पांनी, स्वतः उठून, रांगेत उभं राहून त्यांच्यासाठी चहा आणला. काकूंनी कप घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "साखर कमी हाय." मग थोड्या वेळाने, "पुन्हा असं काय मला बोलायला लावलं तर म्या खरंच तुमचा जीव घेईन." आणि एकदम त्यांना रडू फुटलं. आप्पा "आगं हाय ना म्या, हाय ना," म्हणत त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आम्ही मिसळीच्या ताटल्यांत डोकी घातली.

साहेबांनी शब्द पाळला. नुसता पाळला नाही, तर शेखमामांना विचारून दालनाला आप्पांचं नावच दिलं. दाराशी 'कै. आप्पा धुमाळ स्मृती कलादालन' अशी संगमरवरी पाटी लागली. शेखमामांनी फोन करून वाचून दाखवली तेव्हा आप्पा म्हणाले, "अक्षर चांगलं काढलंय का?" थोरल्या भावांना बातमी कळली तेव्हा ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

पंचाईत एवढीच झाली, की आप्पांना तिथे उघडपणे जायची सोय उरली नाही. त्या गावापुरते ते वारलेले होते. तरी लग्नाचा वाढदिवस काही चुकायचा नाही.

पुढे काही वर्षांनी आप्पा खरोखरचे गेले. मी तेव्हा कंपनीच्या कामाने परदेशात होते, शेवटचं दर्शन झालं नाही. पण मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही, कारण त्यांना शेवटचं जे पाहिलं ते मला पुरेसं आहे. परदेशात जायच्या आधीची गोष्ट. सोलापूरला एका लग्नाला निघालो होतो, वाटेत तो फाटा दिसला आणि मी नवऱ्याला म्हटलं, गाडी वळव.

दालन स्वच्छ होतं, दिवे लागलेले होते, आणि एका खेड्यातल्या शाळेची सहल आलेली होती. चित्रासमोरच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं. बाई इस्त्रीच्या साडीतल्या. पुरुषाने ऐन एप्रिलच्या उन्हाळ्यात माकडटोपी आणि काळा चष्मा घातलेला. मी खांबाआड उभी राहून बघत होते.

सहलीच्या बाई सांगत होत्या, "मुलांनो, हे कै. आप्पा धुमाळ. रात्रंदिवस शेतात राबले. बसलेलं असं त्यांना कुणी कधी पाहिलंच नाही."

"मंग चित्रात कसं बसल्यात?" बाकावरून काकूंनी विचारलं.

"तेवढाच घटकाभर विसावा असेल हो, आजी."

"आन् गेले कशानं?" माकडटोपीतून प्रश्न आला.

बाईंना ठाऊक नव्हतं. पण मुलांसमोर अडून कसं चालेल? "काम करता करता गेले," त्या म्हणाल्या. "हातात खुरपं होतं." आणि मुलांना घेऊन पुढच्या चित्राकडे वळल्या.

आप्पा थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले. चष्मा काढला, माकडटोपी काढली. चित्राच्या अगदी जवळ गेले, त्या तरण्या गड्याकडे खालून वर बघत राहिले आणि त्यांनी हात जोडले. मला वाटलं गंमत करतायत. पण त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते.

"लई राबला गं बिचारा," ते म्हणाले.

काकूंनी काहीतरी टोचून बोलायला तोंड उघडलं होतं, मला स्पष्ट दिसलं. ते त्यांनी मिटलं.

"राबला की," त्या म्हणाल्या. "या, बसा आता," आणि बाकावर जराशा सरकून त्यांनी आप्पांना जागा करून दिली.